त्यांनी तो कागद फेकला नाही, ताई

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे. पत्राचा सारांश असा :

"माझे यजमान ४२ वर्षांचे. पाच एकर वावर, कापूस आणि तूर. रोज संध्याकाळी एक पव्वा, बाजाराच्या दिवशी त्याहून जास्त. दिवाळीनंतर बाजारातून येताना मोटरसायकलवरून पडले, पायाचं हाड मोडलं. मोठ्या दवाखान्यात नऊ दिवस भरती होते. दुसऱ्या रात्री हात थरथरत होते, घामानं चादर ओली झाली होती. दुखण्यानं असेल, असं आम्हाला वाटलं. पाचव्या दिवशी एक पोरगा टॅब घेऊन आला आणि दारूचं विचारू लागला. हे चिडले, 'हाड मोडलं मनून आलो, दारूचं काहून इचारता?' पहिला प्रश्न मी ऐकला. किती वेळा पिता? हे म्हणाले, आठवड्यातून दोन-तीनदा. साफ खोटं. मग त्यानं मला बाहेर बसायला सांगितलं आणि यांनी टॅब हातात घेऊन बाकीची उत्तरं स्वतःच बोटानं दिली. दुसऱ्या दिवशी दोन पानांचा छापील कागद मिळाला. त्यात यांचं नाव, ४० पैकी १७ गुण, एका वेळेला एक पव्वा, महिन्याचा खर्च आणि 'पिणं कमी करण्याचा विचार करा' असं लिहिलं आहे. घरी आल्यावर पंधरा दिवस प्याले नाहीत. आता एक मित्र संध्याकाळी निप आणून देतो. भासरे (थोरले दीर) म्हणतात, मशीनले काय समजते मानसाचं. सासूबाई म्हणतात, चारचौघांत तो कागद वाचून दाखवू, लाजेनं तरी सोडेल. माझ्या भावानं एक भुकटी आणून दिली आहे, चहातून गुपचूप द्यायची. कागद यांनी सातबारा आणि आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आहे, मी लपून वाचला. खोट्या उत्तरावर निघालेला कागद काय कामाचा? दवाखान्यात फोन करून खरं सांगू का?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या प्लास्टिकच्या पिशवीपाशी थांबले. कास्तकाराच्या घरात ती पिशवी काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, पीक विम्याची पावती. पावसात घर गळायला लागलं तर माणूस आधी ती पिशवी उचलतो. तुमच्या यजमानांनी तो कागद दवाखान्याच्या खाटेखाली टाकला नाही, विडी पेटवायला वापरला नाही, मित्राला दाखवून हसले नाहीत. घडी घालून तिथे ठेवला. तुम्ही विचारता, हा कागद काय कामाचा. मला वाटतं, याचं अर्धं उत्तर त्यांनीच दिलं आहे.

आता खोटं बोलण्याचं बघू. तुम्हाला वाटतं पहिलंच उत्तर खोटं, म्हणजे सगळा हिशेब खोटा. पण ४० पैकी गुण देणारी ही प्रश्नावली मी वर्षानुवर्षं वापरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं ती तयार केली, १९८९ पासून जगभर वापरात आहे, प्रश्न दहाच. पहिल्या प्रश्नात 'आठवड्यातून दोन-तीनदा' म्हटलं की तीन गुण मिळतात. 'चार किंवा जास्त वेळा' म्हटलं तर चार. म्हणजे रोजचं पिणं लपवून त्यांनी इथे वाचवला तो एक गुण. तिसरा प्रश्न एका वेळी भरपूर पिणं किती वारंवार होतं याचा असतो. तिथेही 'दर आठवड्याला' म्हटलं तर तीन, 'रोज किंवा जवळपास रोज' म्हटलं तर चार. 'आठवड्यातून दोन-तीनदा' म्हणणारा इथे फार तर 'दर आठवड्याला' म्हणेल, असं धरू. म्हणजे इथे वाचला आणखी एक गुण. सगळं खरं सांगितलं असतं तरी या दोन प्रश्नांनी सतराचे एकोणीस झाले असते, बस.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पव्वा म्हणजे १८० मिली. इंग्रजी दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं, त्या हिशेबानं ३० मिलीत साधारण दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यालाच एक माप धरतात. म्हणजे एका पव्व्यात सहा मापं, ९० मिलीच्या निपमध्ये तीन. सहा मापांना दुसऱ्या प्रश्नात दोन गुण मिळतात. आता बेरीज करा. तीन, दोन आणि तीन, आठ. पिण्याच्या मापाचे आणि वारंवारतेचे फार तर एवढेच आठ गुण त्यांच्या उत्तरांतून येऊ शकतात.

मग उरलेले नऊ आले कुठून, ताई?

उरलेले सात प्रश्न मापाचे नाहीत. एकदा सुरू केलं की थांबता येत नाही असं होतं का? दारूमुळे करायचं काम राहून गेलं का? सकाळी उठल्यावर आधी घोट लागतो का? पिऊन झाल्यावर मनाला लागतं का, अपराधी वाटतं का? आदल्या रात्रीचं आठवत नाही असं झालं का? तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली का? घरच्यांनी, मित्रानं, डॉक्टरनं कधी काळजी बोलून दाखवली का, कमी करा म्हटलं का? यातल्या शेवटच्या दोन प्रश्नांना 'हो, याच वर्षात' म्हटलं की प्रत्येकी चार गुण मिळतात. यजमानांनी नेमकं कुठे हो म्हटलं ते मला माहीत नाही. पण यातल्या काही प्रश्नांना हो म्हटल्याशिवाय नऊ गुण होतच नाहीत. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसल्या होतात तेव्हा त्या माणसानं एका काचेवर बोट ठेवून कबूल केलं, की यात काहीतरी चुकतंय. आजवर तुमच्यासमोर, आईसमोर, भावासमोर जे तोंडातून निघालं नाही, ते.

म्हणून भासरे म्हणतात ते अर्धं खरं आहे. मशीनला माणसाचं काही समजत नाही. पण मशीन तोंड वाकडं करत नाही, सुस्कारा सोडत नाही, गावभर सांगत नाही. लाजेच्या गोष्टी माणसं समोरच्या माणसापेक्षा पडद्याला जास्त मोकळेपणानं सांगतात, हे अनेक ठिकाणी दिसून आलेलं आहे. पहिला प्रश्न तुमच्यासमोर आणि त्या पोराच्या तोंडून आला, तो खोटा झाला. पुढचे प्रश्न त्यांनी एकट्यानं सोडवले, तिथे खरं आलं. यात मला त्यांचा खोटेपणा दिसत नाही, लाज दिसते. आणि ज्याला लाज आहे त्याच्याशी बोलता येतं.

कागद निघतो कसा, तेही सांगते. त्यातली वाक्यं माणसांनीच आधी लिहून ठेवलेली असतात, शेकडो. किती पिता, पिऊन काय काय झालं, कमी करावंसं वाटतं की नाही, जमेल असं वाटतं की नाही, या उत्तरांप्रमाणे कॉम्प्युटर त्यातली वाक्यं निवडून जोडतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा कागद वेगळा निघतो. भिंतीवर लावलेल्या 'दारू पिणे आरोग्यास हानिकारक' या पाटीत आणि यात हाच फरक. पाटी सगळ्यांना म्हणते, कागद त्यांना म्हणतो. जर्मनीच्या ईशान्य भागातल्या रुग्णालयांत हे नीट तपासून पाहिलं गेलं. दारूशिवाय दुसऱ्याच कारणांनी भरती झालेले रुग्ण होते, जोखमीचं पिणारे पण पूर्ण अडकलेले नव्हेत. काहींशी प्रशिक्षित माणूस बोलला, काहींना नुसती कॉम्प्युटरनं बनवलेली पत्रं दिली, पहिलं दवाखान्यात, मग एका महिन्यानं आणि तीन महिन्यांनी. दोन वर्षांनी पाहिलं तर पत्रवाले समुपदेशनवाल्यांच्या मागे नव्हते. चमत्कार झाला असं कुणी म्हणत नाही. पण कागदाला कागद म्हणून उडवून लावू नये, एवढं त्यातून नक्की निघतं.

आणि 'हाड मोडलं तर दारूचं काहून इचारता' याचं उत्तर असं की विचारायला याहून चांगली वेळ सापडत नाही. माणूस खाटेवर आहे, बाजार नाही, बैठक नाही, पाय टांगलेला आहे आणि तो का टांगलेला आहे हे त्याला मनातून ठाऊक आहे. आपल्या विदर्भात दारूचा विचार फार करून बाटली बंद करण्याच्या बाजूनं झाला. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून बंदी, गडचिरोलीत बायाबापड्यांच्या आंदोलनानंतर १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. गावोगावी बायांनी 'आडव्या बाटली'ला मतं देऊन दुकानं बंद पाडली, आणि त्या बायांबद्दल मला अपार आदर आहे. पण दुकान बंद झालं तरी त्या दुकानाकडे वळणारा पाय घरात असतोच. त्या एका माणसाशी, त्याच्या खाटेशेजारी बसून, न रागावता बोलणं आपल्या दवाखान्यांत फार कमी झालं. मी ज्या दवाखान्यात काम केलं तिथे फ्रॅक्चरचे रुग्ण येत, दारूचा वास येई, केसपेपरवर तसं लिहिलं जाई आणि हाड बसवून माणूस घरी जाई. सहा महिन्यांनी तोच माणूस दुसरा हात मोडून परत.

आता जे पत्रात तुम्ही जाता जाता लिहून गेलात त्यावर मला थांबायचं आहे, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटते. दुसऱ्या रात्री हात थरथरत होते, चादर घामानं ओली. ताई, ते नुसतं दुखण्याचं नसावं. रोज पिणाऱ्या शरीराला दारू अचानक मिळाली नाही की सहा तासांपासून दिवसभराच्या आत हात कापणं, घाम, छातीत धडधड, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. पहिल्या दोन दिवसांत काहींना झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जण भ्रमिष्टासारखे होतात, नसलेली माणसं-जनावरं दिसतात, बरळतात. यात जीव जाऊ शकतो. तुमच्या यजमानांचं तेवढ्यावर निभावलं हे नशीब. पण याचा अर्थ असा की त्यांचं शरीर दारूला सरावलेलं होतं. आणि कॉम्प्युटरनं १७ वर 'कमी करा' म्हटलं, कारण त्याला हे थरथरणं कुणी सांगितलंच नाही. १६ ते १९ मध्ये समुपदेशन आणि पुढे लक्ष ठेवणं पुरेसं धरतात, २० किंवा त्याहून जास्त असले तर डॉक्टरनं अवलंबित्व आहे का, म्हणजे शरीर-मन दारूत अडकलंय का, ते तपासायचं असतं. तुमचे यजमान या दोन्हींच्या उंबरठ्यावर आहेत.

तेव्हा दवाखान्यात फोन करू का, याचं माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. किती वेळा पितात हे त्यांनी खोटं सांगितलं, ही तक्रार घेऊन फोन करू नका. ते खोटं दुरुस्त करायचं काम त्यांचं आहे. पण थरथरणं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे, ते डॉक्टरांना सांगणं तुमचं काम आहे, आणि ते त्यांच्यासमोर सांगा. "त्या रात्री यांचे हात कापत होते, घाम आला होता, ते मी तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते." एवढंच. त्यात आरोप नाही.

पंधरा दिवस ते प्याले नाहीत, हे तुम्ही पत्रात असं लिहिलं आहे की जणू ते मोजायचंच नाही. मोजा. दारूवाचून शरीराला होणारा त्रास तेवढ्यात ओसरलेला असतो. आता निपवर आहेत, ती पुन्हा पव्व्यावर जाण्याआधीचे हे दिवस महत्त्वाचे आहेत. शिवाय पायासाठी वेदनाशामक गोळ्या चालू असतील. काही वेदनाशामकं आणि झोपेच्या गोळ्या दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो, काही लिव्हरवर आणि पोटावर जातात. गोळ्यांचं पाकीट घेऊन गावातल्या आरोग्य केंद्रात विचारा. आणि निप आणणाऱ्या त्या मित्राशी तुम्ही भांडू नका. यजमानांनीच त्याला सांगायला हवं, आणि त्यांना ते सांगणं सोपं जावं म्हणून एक कारण आयतं आहे, "डॉक्टरनं गोळ्या चालू आहेत तोवर मना केलं." पुरुषांच्या बैठकीत हे कारण चालतं.

भुकटीचं स्पष्ट सांगते. देऊ नका. आजच भावाला परत करा. बसस्टँडच्या भिंतींवर 'न सांगता दारू सोडवा' असं रंगवलेलं असतं, ती भुकटी कशाची आहे हे कुणालाच माहीत नसतं. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते डायसल्फिरम नावाचं एक औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्याली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब पडतो, कधी जीवावर बेततं. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करूनच देतात. चहातून गुपचूप दिलेल्या औषधावर तुमच्या नवऱ्यानं संध्याकाळी निप घेतली तर काय होईल याचा विचार करा. आणि त्याला कधी कळलं की घरचा चहासुद्धा विश्वासाचा राहिला नाही, तर त्या घरात पुढे कुणाच्या हातचं काय खायचं? भाऊ मायेनं घेऊन आला, हे मला समजतं. त्याला तसंच सांगा.

सासूबाईंचा उपाय त्याहून सोपा वाटतो, म्हणून जास्त अवघड आहे. चारचौघांत कागद वाचून दाखवायचा. ताई, त्या कागदात जे आहे ते त्यांनी एकट्यानं, कुणाच्या नजरेसमोर नसताना दिलं आहे. ते गावासमोर वाचलं गेलं तर पुढच्या वेळी ते कुणालाच काही सांगणार नाहीत, मशीनलाही नाही. आणि लाज वाटून माणूस संध्याकाळी कुठे जातो, हे तुम्ही इतकी वर्षं बघता आहात. सासूबाईंना कामच द्यायचं असेल तर एक द्या. संध्याकाळी साडेसहा-सातला, ज्या वेळेला पव्व्याची आठवण येते, त्या वेळेला मुलाजवळ बसून त्याला गरम जेवायला वाढायचं. रिकाम्या पोटी दारू जास्त ओढते आणि लवकर चढते. आईच्या हातची भाकर त्या वेळेला समोर आली तर तीही एक मदतच आहे.

तुम्ही कागद लपून वाचला, हे मात्र एक दिवस सांगून टाका. कसं सांगायचं हे मी तुमच्या तोंडात घालू शकत नाही, तुमच्या घरची बोली तुमची. पण भांडणानंतर नको, ते प्यालेले असताना नको. सकाळी, चहा झाल्यावर, सासूबाई बाहेर असताना. म्हणा, "पिशवीतला कागद मी पाहिला. तुमी जपून ठेवला, मले बरं वाटलं." आणि मग गप्प राहा. खरंच गप्प राहा, हे सगळ्यात कठीण असतं. ते चिडतील, किंवा काहीच बोलणार नाहीत, किंवा म्हणतील की त्यात सगळं खोटं लिहिलंय. त्यांनी तसं म्हटलं तर विचारा, "काय खोटं हाय?" त्यातून ते स्वतःच दुरुस्ती करायला लागले तर तुमचं अर्धं काम झालं.

कागदात आणखी एक गोष्ट असावी, ती तुम्ही लिहिली नाही म्हणून मी भरते. असे कागद बहुधा तुमचं पिणं इतर पुरुषांशी ताडून दाखवतात. यजमानांना वाटत असेल, सगळेच पितात. त्यांच्या बैठकीत सगळे पितातच, म्हणून तसं वाटतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी पिणारे साधारण १९ टक्के निघाले. म्हणजे पाचांतले चार पीत नाहीत. हा आकडा कुणी तोंडावर फेकला तर टोमणा होतो. स्वतः वाचला तर माणूस विचार करतो.

पत्र तुमचं असलं तरी ज्यांच्या हातात असा कागद नाही अशा बऱ्याच जणी हे वाचत असतील. त्यांनीही डॉक्टरकडे किंवा आरोग्य केंद्रात हेच दहा प्रश्न विचारून घ्यावेत. समुपदेशनाला शहरातला मोठा डॉक्टरच लागतो असं नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी १२ ते १९ गुणांच्या पुरुषांशी काही बैठका केल्या. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा की तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. तुमच्या यजमानांचे १७ याच पट्ट्यातले. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतसेवेचा, मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ आहे. मोहाची किंवा हातभट्टीची पिणाऱ्यांच्या घरच्यांनी मात्र मापाचा हिशेब करत बसू नये. तिची ताकद बाटलीगणिक बदलते आणि तिच्यात काय मिसळलंय ते कळत नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली आणि झटका आला, बरळू लागला, तर देवरशी नाही, १०८.

तुमच्या पत्रात मारहाणीचा उल्लेख नाही. नसेल तर उत्तम. असेल आणि लिहायचं टाळलं असेल, तर यातलं समजुतीनं घ्यायचं सगळं बाजूला ठेवा. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा आणि आधी स्वतःला नि लेकरांना सांभाळा. त्यांचं पिणं ही तुमची चूक नाही, आणि ते सोडवणं ही एकट्या तुमची जबाबदारी नाही.

प्लास्टर काढायला कधी जायचं आहे? त्या दिवशी ती प्लास्टिकची पिशवी त्यांच्याच हातात राहू द्या. हाडाचे डॉक्टर पाहून झाले की तिथेच मानसोपचार विभाग असतो. तिथे जाऊ म्हणा, सोबत जा, आणि पिशवीतला तो कागद डॉक्टरपुढे त्यांना स्वतः काढू द्या. वेळ लागला तर लागू द्या. थरथरण्याचं तेवढं तुम्ही सांगा.